वर जागा नाही, बॅगला टॅग लागेल: विमानातल्या वरच्या कप्प्याच्या नेहमीच्या अडचणी आणि उपाय

दिवाळीनंतरचा रविवार असो, लग्नसराई असो की हिवाळी अधिवेशनाचा डिसेंबर, नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर मुंबई-पुण्याच्या गेटवर एक घोषणा हमखास होते: विमान पूर्ण भरलं आहे, ट्रॉली बॅगा खाली पाठवाव्या लागतील. त्यातून बॅग वाचवून आत शिरलं की दुसरा अंक सुरू. "अहो भाऊ, हा कप्पा आमच्या सीटवरचा आहे न, तुमची बॅग काढा न तिथून!" मग एअर होस्टेस मध्ये पडते, मागे रांग तुंबते, आणि बॅग शेवटी दहा रांगा मागे जाऊन बसते.

आधी हे भांडणच निकालात काढू. वरचा कप्पा कोणत्याही सीटच्या नावावर नसतो. तिकिटात सीट मिळते आणि हाताच्या सामानाची वजन-मापाची मुभा मिळते. ते सामान केबिनमध्ये नेमकं कुठे बसवायचं हे ठरवायचा अधिकार क्रूचा. शिवाय काही कप्पे प्रवाशांसाठी नसतातच. पहिल्या आणि शेवटच्या रांगांच्या वर बहुधा ऑक्सिजनची नळकांडी, अग्निशामक, प्रथमोपचाराची पेटी, मेगाफोन असं आणीबाणीचं सामान असतं, आणि तसं लेबल कप्प्यावर असतं. क्रूच्या बॅगाही कुठेतरी ठेवाव्या लागतात. त्यामुळे पहिल्या रांगेचे जादा पैसे भरूनही डोक्यावरचा कप्पा बंद निघाला, तर ती फसवणूक नव्हे.

अडचण कप्प्यापाशी दिसते, पण ती बहुतेक वेळा घरीच तयार झालेली असते. म्हणून बॅग नक्की कुठे अडते ते आधी बघा: काउंटरवर, सुरक्षा तपासणीत, गेटवर की विमानात. चारही ठिकाणी कारण वेगळं असतं आणि उपायही वेगळा.

वजनात अडते

देशांतर्गत इकॉनॉमीत हाताच्या बॅगेला ७ किलो, हा आपल्याकडचा सर्वसाधारण आकडा. इंडिगोत त्याशिवाय पर्स किंवा लॅपटॉपची लहान बॅग ३ किलोपर्यंत चालते. नागपूरहून थेट दोहाला जाणाऱ्या कतार एअरवेजच्या इकॉनॉमीतही ७ किलोच. शारजाच्या एअर अरेबियात १० किलो, पण त्यात लहान बॅगही धरलेली. पुढे दुसऱ्या कंपनीचं विमान पकडायचं असेल तर दोघांत जी मर्यादा कमी, तिच्याप्रमाणे बॅग भरा. पहिल्या विमानात चाललेली बॅग दुसऱ्या गेटवर अडली तर पहिल्या कंपनीचा नियम दाखवून काही साधत नाही.

लोक जिथे फसतात ते म्हणजे रिकाम्या बॅगेचं वजन. चाकांची, कडक कवचाची केबिन ट्रॉली रिकामीच अडीच ते साडेतीन किलोची असते. म्हणजे सामानाला उरले साडेतीन-साडेचार किलो. त्यात दीड-दोन किलोचा लॅपटॉप आणि चार्जर टाकला की कपड्यांना दोन किलो. याउलट कापडी डफल किंवा पाठीवरची बॅग किलोभराची असते. तेवढ्याच ७ किलोत दोन किलो जास्त सामान बसतं. सीताबर्डीत बॅग घ्यायला गेलात तर लांबी-रुंदी विचारण्याआधी ती काट्यावर ठेवायला सांगा.

वजन करताना लटकता काटा वापरणार असाल तर आधी त्याची परीक्षा घ्या. पाच किलोची कणकेची थैली अडकवा, काटा ५.३ दाखवत असेल तर तेवढी चूक धरून चाला. लटकता काटा नसेल तर वजन करायच्या साध्या मशीनवर आधी बॅग घेऊन उभं राहा, मग बॅगेशिवाय, आणि वजाबाकी करा. अशा मशीनवर अर्ध्या किलोचा फरक पडू शकतो, म्हणून ६.५ च्या पुढे जाऊ नका. काउंटरवरचा काटा ७.२ दाखवायला लागल्यावर ओळीत उभं राहून जॅकेटच्या खिशात चार्जर कोंबण्याची वेळ येते, आणि ते दृश्य नागपूरला रोजचं आहे.

मापात अडते

माप घेताना चाकं आणि आत ढकलल्यावरही वर राहणारा हँडल धरूनच लांबी मोजायची. दुकानात '२० इंची केबिन बॅग' म्हणून मिळते तिच्या नुसत्या डब्याचं माप कधी कधी ५० सेंटिमीटर असतं, चाकांसह ती ५५-५६ भरते. भारतीय कंपन्यांचं नेहमीचं माप ५५ x ३५ x २५ सेंटिमीटर, म्हणजे तिन्ही बाजूंची बेरीज ११५. कतार एअरवेजचं माप ५० x ३७ x २५ आहे. म्हणजे मुंबईच्या विमानात निमूट बसणारी ५५ ची ट्रॉली दोह्याच्या विमानात कागदावर तरी लांब ठरते.

दुसरा घोटाळा मधल्या विस्ताराच्या चेनचा. ती उघडली की जाडी चार-पाच सेंटिमीटरने वाढते आणि २५ ची बॅग २९-३० होते. वजन ७ च्या आत असलं तरी मापाच्या चौकटीत ती शिरत नाही, आणि विमानात तिच्यामुळेच कप्प्याचं झाकण लागत नाही. जाताना ती चेन बंद ठेवा. परतीला उघडायची वेळ आलीच तर सरळ चेक-इनला द्या. बाहेरच्या खिशात कोंबलेली पाण्याची बाटली किंवा चपलाही मापात धरल्या जातात.

'एकच बॅग' या नियमात अडते

हा नियम कंपनीचा नाही, हवाई सुरक्षेची संस्था बीसीएएसचा आहे. म्हणून तो तपासणीच्या दारात सीआयएसएफचे जवान बघतात. जवान बॅगा मोजतो, वजन बघत नाही. कंपनीची माणसं वजन आणि माप बघतात. काउंटरवर 'चालेल' म्हणाले म्हणून तपासणीत चालेलच असं नाही, हे लक्षात ठेवलं की निम्मी हुज्जत वाचते.

एका हँडबॅगेशिवाय चालणाऱ्या वस्तूंची यादी ठरलेली आहे: बायकांची पर्स, लॅपटॉप, कॅमेरा किंवा दुर्बीण, कोट किंवा शाल, वाचायला पुस्तकं, छत्री किंवा चालायची काठी, बाळाचं खाणं आणि बाळाची टोपली, घडीची व्हीलचेअर किंवा कुबड्या, ड्यूटी फ्रीची खरेदी. मिठाईच्या दुकानाची पिशवी या यादीत कुठेही नाही. ट्रॉली, पाठीवरची बॅग आणि हातात बर्फीची थैली असे तीन नग घेऊन आलात तर अडवतील, आणि ते बरोबर आहे. उपाय साधा: पाठीवरच्या बॅगेत लॅपटॉप आणि पर्स घाला, थैली ट्रॉलीत जाईल अशी जागा घरूनच ठेवा.

सगळं नियमात आहे, तरी आत जागा नाही

ही खरी दुखरी जागा. एका गल्लीच्या, तीन-तीन सीटच्या एअरबस ए३२० मध्ये १८०-१८६ प्रवासी बसतात. प्रत्येकाने आपले ७ किलो आणले तर १,३०२ किलो सामान झालं. वजनाचं विमानाला काही विशेष वाटत नाही. अडतो तो आकार. जुन्या धाटणीच्या कप्प्यांत चाकांच्या ट्रॉल्या आडव्याच ठेवाव्या लागतात आणि तेवढ्या ट्रॉल्यांसाठी ते कप्पे बनलेलेच नव्हते. म्हणून कंपन्यांनी नवीन कप्पे आणले. बोइंग ७३७ च्या मोठ्या कप्प्यात ४ ऐवजी ६ बॅगा राहतात. एअरबसच्या एअरस्पेस केबिनमध्ये तर ६० टक्के जास्त बॅगा राहतात असा कंपनीचा दावा आहे. यातली मेख अशी की हे आकडे बॅग कडेवर उभी ठेवली तरच खरे होतात. कपाटात पुस्तकं लावतो तशी. एकाने आपली ट्रॉली आडवी पसरली की दोन बॅगांची जागा गेली.

म्हणून कप्पा उघडल्यावर आतलं चित्र आधी बघा. बहुतेक ठिकाणी झाकणाच्या आतून बॅग कशी ठेवायची त्याचं छोटं रेखाचित्र आणि जास्तीत जास्त किती किलो, हे लिहिलेलं असतं. उभी बसत असेल तर चाकं आत, हँडल गल्लीकडे, बॅग कडेवर. कप्पा जुना आणि उथळ असेल तर चाकं आत ढकलून बघा. झाकण टेकत नसेल तरच आडवी करा. जॅकेट, शेरवानीचं कव्हर, साड्यांची मऊ पिशवी आधी ठेवू नका. सगळ्या ट्रॉल्या बसल्या की ती वरून सरकवा. आधी ठेवलेलं जॅकेट एका ट्रॉलीची जागा खातं आणि वर चुरगळतं ते वेगळंच.

जागा कमी पडण्याचं याहून मोठं कारण मात्र लहान सामान आहे. लॅपटॉपची बॅग, पर्स, शाळेच्या दप्तराएवढी सॅक, खाऊची पिशवी या सगळ्या वस्तू पुढच्या सीटखाली जातात. तरी पहिल्या पन्नास माणसांनी त्या वर ठेवल्या की शंभराव्या माणसाच्या ट्रॉलीला जागा उरत नाही. 'पाय पसरता येत नाहीत' हे कारण नेहमी दिलं जातं. मुंबईचं विमान दीड तासाचं. विमान वर गेल्यावर, सीटच्या पट्ट्याचा दिवा विझल्यावर बॅग पायांनी मागे ओढून घ्या आणि पाय तिच्या पुढे सोडा. उतरताना ती पुन्हा पुढे ढकलायची, एवढंच. मधल्या सीटखाली सहसा जास्त रुंदी मिळते, कडेच्या सीटखाली सीटचा पाय किंवा डबा आड येतो; सॅक फुगीर असेल तर सीट निवडताना याचा विचार करा.

दोन रांगांना मात्र हा उपाय लागू नाही. आणीबाणीच्या दाराजवळच्या रांगेत आणि समोर भिंत असलेल्या पहिल्या रांगेत उड्डाण-उतरणीच्या वेळी जमिनीवर काहीही ठेवू देत नाहीत. पर्ससुद्धा वर जाते. ही सीट घेतली असेल तर बोर्डिंगला शेवटपर्यंत बाकावर बसून राहू नका. बाकीच्यांनी दाराशी गर्दी करण्यात विशेष अर्थ नाही, पण तुम्ही पहिल्या फेरीत आत असायला हवं.

आणखी एक वाईट सवय: मागच्या रांगेचा प्रवासी पुढून चढतो आणि वाटेत पाचव्या-सहाव्या रांगेवर आपली ट्रॉली टाकून हात हलवत मागे जातो. त्याला उतरताना सोयीचं. पुढच्या रांगेचा माणूस उशिरा येतो, त्याची बॅग मग विसाव्या रांगेवर जाते, आणि उतरताना प्रवाहाच्या उलट चालत तो ती आणायला निघतो. अख्खं विमान त्याच्यासाठी थांबतं. स्वतःची बॅग मागे गेली असेल तर उलटे चालू नका. सीटवर बसून राहा, लोक ओसरू द्या. आणि तुम्ही जर पुढे बॅग टाकणाऱ्यांपैकी असाल, तर क्रूने ती उचलून मागे नेली म्हणून चिडू नका.

दुसऱ्याची बॅग सरकवायची झाली तर विचारून सरकवा. "भाऊ, ही उभी करू का?" एवढं पुरतं. कोणाचीही बॅग काढून गल्लीत ठेवू नका. मालक सापडत नसेल तर क्रूला हाक मारा.

झाकण लागत नाही

क्रमाने बघा. हँडल पूर्ण आत गेला आहे का? तो बोटभर बाहेर राहणं हे सगळ्यांत नेहमीचं कारण. मग चाकं मागच्या भिंतीला टेकली आहेत का. मग विस्ताराची चेन. मग एखादा पट्टा किंवा शालीचं टोक कुलपाच्या खाचेत अडकलं आहे का. हे चारही ठीक असूनही झाकण येत नसेल तर बॅग तिथे बसत नाही, एवढंच समजायचं. खांद्याने ढकलून झाकण बसवणारे दिसतात. तसं बसलेलं झाकण उतरताना चाकं धावपट्टीला टेकली की उघडतं, आणि खाली गल्लीच्या कडेला बसलेल्याच्या डोक्यावर बॅग येते. बंद केल्यावर 'टक्' असा आवाज यायला हवा. नंतर एकदा हाताने ओढून बघा.

वजनाचा आकडा इतका काटेकोर का, हेही यातच आहे. विमानाच्या रचनेच्या नियमांनुसार आणीबाणीच्या उतरणीत पुढच्या दिशेने ९ जीचा, म्हणजे वस्तूच्या वजनाच्या नऊपट, झटका सोसूनही आतलं सामान जागच्या जागी राहायला हवं. ७ किलोची बॅग त्या क्षणी ६३ किलोच्या जोराने पुढे आदळते, १२ किलोची बॅग १०८ च्या. कप्प्यावर लिहिलेली मर्यादा याच हिशेबाची. तेव्हा काउंटरवर चुकवलेले पाच किलो ही कंपनीची नुकसानी नसून खालच्या रांगेतल्या माणसाची जोखीम असते.

बॅग उचलून देणं हे क्रूचं काम धरू नका. मदत करतील, करतातही, पण जे स्वतःला डोक्याच्या वर पेलवत नाही ते चेक-इनला देणं शहाणपणाचं. पाठीचा, खांद्याचा त्रास असेल तर आधी सांगा. आणि उतरल्यावर पट्ट्याचा दिवा विझायच्या आधी कप्पा उघडू नका. विमान जमिनीवर सरकत असताना ब्रेक लागला तर उभ्या माणसाच्या हातातली बॅग कुठे जाईल सांगता येत नाही.

विमान एटीआर असेल तर

नागपूरहून लहान शहरांकडे जाताना तिकिटावर 'एटीआर ७२' लिहिलं असेल तर वरचे सगळे उपाय अर्धेच लागू. ७०-७८ सीट, दोन-दोनच्या रांगा, आणि कप्पे ए३२० पेक्षा लहान. ५५ ची कडक ट्रॉली तिथे बहुतेक वेळा बसत नाही. पायऱ्यांपाशीच टॅग लावून ती सामानाच्या कप्प्यात टाकतात. वाद घालण्यात अर्थ नाही, धातूला ताण देता येत नाही. अशा प्रवासाला मऊ बॅग न्या, किंवा ट्रॉली काउंटरवरच चेक-इनला द्या आणि हातात एक सॅक ठेवा. तिकीट काढतानाच विमानाचा प्रकार दिसतो, तो बघायची सवय लावा.

गेटवर टॅग लावला. आता?

इथे घाईत चूक झाली तर महागात पडते, म्हणून या भागावर थोडं थांबू. गेटवर बॅग घेतात तेव्हा ती हाताच्या सामानातून थेट विमानाच्या पोटात जाते. पॉवर बँक आणि सुट्या लिथियम बॅटऱ्या तिथे चालत नाहीत. म्हणून कर्मचाऱ्याने विचारो न विचारो, बॅग हातातून सोडण्याआधी हे बाहेर काढा: पॉवर बँक, कॅमेऱ्याच्या सुट्या बॅटऱ्या, रोजची औषधं आणि इन्सुलिन, दागिने, रोकड, किल्ल्या, कागदपत्रं, लॅपटॉप. ट्रॉलीत मोबाइल चार्ज करायची बॅटरी जडवलेली असेल तर तीही काढावी लागते. न निघणाऱ्या बॅटरीची बॅग स्वीकारत नाहीत.

घरूनच ही सगळी मंडळी एका लहान चेनच्या पाउचमध्ये भरून ट्रॉलीच्या सर्वांत वरच्या खिशात ठेवली की गेटवर दहा सेकंदांत काम होतं. नाहीतर गेटसमोर फरशीवर बॅग उघडून, साड्या बाजूला सारत, मागच्यांच्या नजरा झेलत पॉवर बँक शोधावी लागते.

पॉवर बँकेचा वेगळा हिशेब आहे. मर्यादा १०० वॅट-अवर. बँकेवर बहुधा एमएएच (mAh) लिहिलेलं असतं, त्याला ३.७ ने गुणून हजाराने भागा. २०,००० एमएएचचे ७४ वॅट-अवर, चालतात. २७,००० म्हणजे जवळपास शंभर, काठावर. ३०,००० म्हणजे १११, कंपनीची परवानगी लागते. १६० च्या पुढे बंदीच. आकडे पुसलेली बँक तपासणीत काढून घेऊ शकतात, म्हणून जुनी झिजलेली बँक नेऊच नका.

आणि आता ती वरच्या कप्प्यातही चालत नाही, म्हणून ट्रॉलीला टॅग लागला नाही तरी तो पाउच काढून सीटखाली घ्या. २८ जानेवारी २०२५ रोजी दक्षिण कोरियातल्या गिम्हे विमानतळावर एअर बुसानच्या उभ्या ए३२१ मध्ये वरच्या कप्प्यातून आग लागली; सगळे बाहेर पडले, विमान जळालं. मार्च २०२५ पासून कोरियाने पॉवर बँक कप्प्यात ठेवायला मनाई केली. आपल्याकडची विमान वाहतुकीची नियामक संस्था डीजीसीए, तिनेही नोव्हेंबर २०२५ च्या परिपत्रकात तेच सांगितलं: बँक फक्त हाताच्या सामानात, वरच्या कप्प्यात नाही, आणि विमानात तिच्यावर काही चार्ज करायचं नाही. कारण उघड आहे. बंद कप्प्यात, चार बॅगांच्या खाली धुमसणारी बॅटरी दिसेपर्यंत उशीर होतो. पुढच्या सीटखालच्या सॅकमध्ये धूर लगेच दिसतो. बँक गरम वाटली, फुगली किंवा वास आला तर स्वतः खटपट न करता लगेच क्रूला बोलवा.

टॅगचा जो तुकडा हातात देतात तो बोर्डिंग पासच्या मागे चिकटवा. उतरल्यावर ही बॅग बहुतेक वेळा इतर सामानाबरोबर फिरत्या पट्ट्यावर येते. एटीआरमध्ये कधी पायऱ्यांपाशी देतात, म्हणून टॅग लावतानाच विचारून घ्या. बॅग फुटली, चाक तुटलं, तर पट्ट्याच्या हॉलमधून बाहेर पडण्याआधी कंपनीच्या काउंटरवर लेखी नोंद करा आणि फोटो काढा. घरी जाऊन फोन केला तर 'आमच्याकडे असताना झालं कशावरून' हा प्रश्न येतो आणि त्याला उत्तर नसतं. सामान हरवणं, उशीर, नुकसान यांसाठी देशांतर्गत प्रवासात प्रवासी सनदेनुसार भरपाईची कमाल मर्यादा २०,००० रुपये आहे. दागिने आणि लॅपटॉप बाहेर काढायला सांगतो ते यासाठीही.

बॅग बदलली, किंवा आतून काही गेलं

काळी ट्रॉली, चार चाकं, मध्ये चेन: प्रत्येक कप्प्यात अशा दोन तरी असतात. हँडलला रंगीत कापड बांधा आणि नावाची पट्टी लावा. कंपनीने दिलेला कागदी टॅग पुरत नाही. उतरताना हँडल ओढण्याआधी खूण बघा.

चोरीचं कोणाला खरं वाटत नाही, पण मे २०२४ मध्ये दिल्ली पोलिसांनी विमानप्रवासात सहप्रवाशांच्या हँडबॅगांतून दागिने चोरणाऱ्याला पकडलं होतं. लग्नाला निघालेल्या वऱ्हाडाने एवढं करावं: दागिन्यांची पर्स कप्प्यात नको, सीटखाली, पायाच्या पुढे. बॅग वर ठेवायचीच असेल तर डोक्यावरच्या कप्प्यापेक्षा समोरच्या, गल्लीपलीकडच्या कप्प्यात ठेवा. बसल्या जागेवरून तो दिसतो. चेनची बाजू आत, भिंतीकडे.

नागपूरचं सामान

संत्र्यांची पेटी केबिनमध्ये न्यायचा मोह बरेच जण धरतात. फळांना बंदी नाही, पण पेटी मापातही बसत नाही आणि वजनातही नाही, आणि खोक्याच्या कोपऱ्यामुळे कप्पाही बंद होत नाही. पेटी चेक-इनला द्या, बाहेरून चिकटपट्टीचे दोन आडवे फेर आणि नाव-नंबर. हातात चार-पाच संत्री पुरेत. संत्रा बर्फीचे अर्ध्या किलोचे चार डबे म्हणजे दोन किलो, खोक्यांसकट थोडे जास्त. ते ट्रॉलीच्या सपाट तळाशी बसतात, पिशवीत लोंबकळत नेले तर वेगळा नग धरला जातो. सांबारवडी तेलकट असते, वरच्या कप्प्यात उलटली तर खालच्याच्या शर्टावर डाग. डब्यात घालून सीटखाली ठेवा.

सावजी मसाला, तिखट आणि लोणचं हाताच्या बॅगेत नकोच, तपासणीत बाहेर काढायला लावतात. चेक-इनच्या बॅगेत, बरणीच्या झाकणाला चिकटपट्टी, वर दोन प्लास्टिकच्या थैल्या. सुकं खोबरंही अडतं: तेलामुळे ते पेट घेतं म्हणून चेक-इनमध्ये नको. काडेपेटी आणि लायटर कुठेच नाही. क्रिकेटची बॅट हातात नेता येत नाही. तंबोरा किंवा तसंच मोठं वाद्य हातात न्यायचं असेल तर त्याच्यासाठी वेगळी सीट काढायचा पर्याय काही कंपन्या देतात. तिकीट काढतानाच फोन करून विचारा, गेटवर विचारून काही मिळत नाही.

चेक-इनच्या बॅगा द्यायच्या असतील तर देशांतर्गत उड्डाणाचा काउंटर साधारण एक तास आधी बंद होतो, गेट २५ मिनिटं आधी. वर्धा रोडवरच्या गर्दीचा हिशेब धरूनच निघा. उशिरा पोहोचलेल्याच्या ट्रॉलीला कप्प्यात जागा सहसा उरलेली नसते.

गेटवर नियमात असलेल्या बॅगेचे पैसे मागितले किंवा नुकसानीची दाद लागत नसेल तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा आणि तिचा क्रमांक घ्या. त्याने काम झालं नाही तर नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या एअरसेवा पोर्टलवर किंवा ॲपवर नोंदवा. सोबत बोर्डिंग पास, टॅगचा तुकडा, पावती आणि काट्यावरच्या बॅगेचा फोटो जोडा. काट्याचा फोटो त्याच वेळी, काउंटरवरच काढून ठेवावा लागतो.